मालमोटारीचे आरसे

शाळेंत मी मुलांस सांगत असें: बहिर्गोल आरशांत वस्तु लहान दिसते, पण प्रदेश अधिक मावतो. युरोपांत बहुतेक देशीं मालमोटारीचा चालक डाव्या बाजूस, उंचावर बसतो. उजवीकडे खेटून चाललेला सायकलस्वार त्यास दिसत नाहीं आणि उजवें वळण घेतांना घात होतो. केवळ नव्या गाड्यांपुरता नियम पुरला नसता, कारण जुनी गाडी वर्षानुवर्षें धांवतच असते. म्हणून २००७ सालीं युरोपीय संघानें ठरविलें कीं, २००० पासून नोंदलेल्या, साडेतीन टनांवरील मालमोटारींसही, कांहीं अपवाद सोडून, त्या बाजूस अधिक प्रदेश दाखविणारे आरसे ३१ मार्च २००९ पर्यंत बसवावे. तरी आरसा केवळ दाखवितो, पाहावें चालकानेंच. सायकलस्वारानेंही स्मरावें: प्रकाशाची वाट दोहोंकडून एकच, आरशांत चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाहीं.