ही मुले कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गावाबाहेरची वीटभट्टी आपण सर्वांनीच पाहिली आहे. दिवाळी सरली की तेथे कामकऱ्यांची बिऱ्हाडे येतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. गेल्या हिवाळ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवर भावंड घेऊन तेथे उभी होती. "शाळेत जात नाहीस का ग?" असे विचारले, तर म्हणाली, "शाळा गावाकडं हाय." तिकडच्या हजेरीपटावर ती गैरहजर, इकडे तिचे नावच नाही. मग ही मुलगी कोणाची?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत दाखल करून घेणे, ही कर्तव्ये 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली आहेत. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल आज जेथे राहते, तेथलेच ते आहे.

परंतु अशी नोंद कचेरीत बसून होत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस काम आरंभले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. त्यांनी मुलांना बोल लावला नाही; वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरवली. हीच अंगणवाडी. 1975 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने ते नाव गावोगाव पोचवले. त्या मुलीच्या कडेवरचे मूल अंगणवाडीत गेले, तरच तिचे हात पाटीसाठी मोकळे होतील.

पंचायतीपाशी पैसा थोडा, माणसे थोडी, ही तक्रार खोटी नाही. पण मुले मोजायला एक वही आणि एक सकाळ पुरते. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. तेथे आपण तीनच प्रश्न विचारू : भट्टीवर मुले किती? शाळेत किती? अंगणवाडीत किती? उत्तर मिळेपर्यंत दर सभेला विचारू, आणि मोजणीस कोणी निघाले तर आपल्यापैकी दोघी बरोबर जाऊ.

दिवाळीनंतर भट्टी पुन्हा पेटेल. तोवर वही तयार असावी, एवढेच मागून मी आपली रजा घेते.