पहिली वाकळ स्वतःसाठी

मायबहिणींनो,

वाकळ कशी शिवायची ते मी तुम्हाला सांगायला नको, आज्यांनी ते केव्हाच शिकवलंय. माझं म्हणणं निराळं आहे. घरातलं माणूस गेल्यावर, गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर, जीव कशातच लागत नसताना बाई जी वाकळ शिवते, ती विकण्यासाठी नसते. ती आधी स्वतःसाठी असते. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण बचत गटाच्या बैठकीत हल्ली पहिलाच प्रश्न येतो, "ताई, भाव किती मिळंल?"

आपल्या बीड जिल्ह्याला दुखणी थोडी नाहीत. 2019 साली सरकारी समितीनं 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कर्जापायी कर्ता माणूस गेलेली घरं वेगळीच.

आता बघा, पाऊस पडला की लगेच आपण तिफण धरतो का? वाफसा येऊ देतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं, फार थांबलं तर ओल उडते. मनाचंही तसंच. बाईचे डोळे वाळले नाहीत तोच आपण म्हणतो, "झालं गेलं विसर, लेकरांकडं बघ." ही चिखलातली पेरणी! मुरमाड रानाला वाफसा लवकर येतो, काळ्या रानाला उशिरा. तशा बायकाही सारख्या नसतात. धावदोरा घालता घालता ज्याच्या त्याच्या वेळेनं मनाला वाफसा येतो. भावाची घाई केली की तो येतच नाही.

केज तालुक्यात नवरा गेलेल्या एका बाईच्या ओसरीवर मी हे पाहिलंय. अस्तराचं लुगडं जमिनीवर ताणलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. मधल्या थरात नवऱ्याचा सदरा घालायचा होता. खिशाला तंबाखूचे डाग. थोरली जाऊ म्हणाली, "खिसा उसवून टाक, सुईला जड जाईल." ती म्हणाली, "राहू द्या, जाऊबाई." कडेकडेनं टाके घालत खिशापाशी आली, तेव्हा तिनं दाभण मागून घेतलं. त्या दुपारी ती नवऱ्याबद्दल पहिल्यांदा बोलली.

हे वाकळीपुरतंच नाही. फाळणीत गाव सुटलेल्या नेकचंद यांनी चंदीगडला सरकारी नोकरी करता करता फुटक्या बांगड्या, फरशांचे तुकडे गोळा करून जंगलात मूर्ती घडवल्या. कितीतरी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. 1976 साली ती मूर्तींची बाग लोकांसाठी उघडली. आधी स्वतःसाठी, मग जगासाठी. मी म्हणते ते हेच.

म्हणून रागावून सांगते, ज्यांची वाकळ होते ती जुनी लुगडी, धोतरं बोहारणीला देऊन पातेली घेऊ नका. पातेली घरात पुष्कळ आहेत. आणि झोपच उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर नुसत्या सुईवर विसंबू नका. 14416 या मदतीच्या नंबरला फोन लावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

एवढं ध्यानात ठेवा, पहिली वाकळ स्वतःसाठी. दुसरीचा भाव खुशाल ठरवा, आणि तो कमी घेऊ नका.