देवयोनी आणि मनुष्यजन्म

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टराज चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ. स. १२०४ मध्ये उभारिली. तेथील मूलनायक भगवान नेमिनाथ होत. त्यांची शासनदेवता यक्षी अंबिका. ती भक्तांचे रक्षण करील. परंतु मोक्षासाठी तिलाही मनुष्यजन्मच घ्यावा लागेल, असे जैनशास्त्र सांगते. गीतेचा नववा अध्याय पुण्य सरताच स्वर्गस्थांना मर्त्यलोकी परत आणितो. बौद्धमतेही देव अनित्यच. नामदेवांची पदे ज्यात आदराने समाविष्ट आहेत, त्या गुरुग्रंथसाहिबातील कबीरवाणीत तर देवच नरदेहाची आस धरितात. मग उद्यमबागेत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या देहास हीन कोणी लेखावे? देवांनी ज्याची इच्छा करावी, तो देह व्यर्थ दवडू नये, हेच चारही धर्मांचे सांगणे होय.