डोळ्यांनी पाहिलं, पण लक्षात किती राहिलं?



कल्याण स्टेशनवरच्या इंडिकेटरवर आपण एका नजरेत बरंच वाचतो: गाडी कुठली, किती वाजताची, स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा. मान वळवली की मात्र हवं तेवढंच उरतं. मुंब्र्याला उतरणाऱ्याला ‘स्लो’ पक्कं आठवतं, डबे किती ते आठवत नाही.

नुकतंच पाहिलेलं काही क्षण धरून ठेवणाऱ्या या स्मृतीला ‘व्हिज्युअल वर्किंग मेमरी’ म्हणतात. तिची जागा छोटी असते. १९९७ साली स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी लोकांना क्षणभर रंगीत चौकोन दाखवले, मग ते पुन्हा दाखवून ‘रंग बदलला का?’ असं विचारलं. तीन-चार चौकोनांपर्यंत लोक जवळपास चुकत नव्हते. त्यापुढे चुका वाढत गेल्या.

मग या तीन-चार जागा कोणाला मिळतात? ते लक्ष ठरवतं. १९६० साली जॉर्ज स्पर्लिंग यांनी बारा अक्षरं तीन ओळींत, एका सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली. सगळी सांगा म्हटलं की लोकांना चार-पाचच सांगता येत. पण अक्षरं गेल्याबरोबर आवाजाच्या खुणेने एकच ओळ विचारली, तर त्या ओळीतली चारपैकी साधारण तीन सांगता येत, मग ओळ कुठलीही असो. म्हणजे दिसलं सगळं होतं. टिकलं ते, जिथे लक्ष गेलं.

आता हे आपल्या मोबाइलवर लावून बघा. व्हॉट्सॲपवर मारहाणीचा व्हिडिओ येतो, वर लिहिलेलं असतं: ‘आपल्याच भागातला, कालचा.’ ती ओळ म्हणजे स्पर्लिंगच्या प्रयोगातली खूण. ती सांगते, टोपी बघा, दाढी बघा, टिळा बघा. आपण तेच बघतो. मागच्या दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, गाडीची नंबरप्लेट कुठल्या राज्याची आहे, हे डोळ्यांसमोरून जातं, पण मनात राहत नाही. आणि नंतर आपण शपथेवर सांगतो, ‘मी स्वतः पाहिलंय!’ आपण खोटं बोलत नसतो. लक्ष कुठे द्यायचं, हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं.

उपाय सोपा आहे. स्पर्लिंगची अक्षरं निघून जात होती; व्हिडिओ आपल्या हातात असतो. वरची ओळ बाजूला ठेवून तो पुन्हा लावा, आणि लावण्याआधीच प्रश्न ठरवा: जागा कुठली? काळ कुठला? एका वेळी एकच प्रश्न घ्या. मग चित्र थांबवून गूगल लेन्सवर टाका. जुनं असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं.

सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नकळत कोणावर अन्याय होऊ नये म्हणून. एका फॉरवर्डने मोहल्ल्यातली दुकानं बंद होऊ शकतात, कोणाच्या तरी मुलाला मार बसू शकतो. म्हणून पुढे पाठवण्याआधी एकदा आपल्या प्रश्नाने बघा. खात्री झाली नाही, तर तो व्हिडिओ आपल्याच फोनवर थांबू द्या.