रात्री किती वेळा उठता?

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, सेवाग्राम-सावंगीहून आलेले प्राध्यापक आणि आर्वी, आष्टी, कारंजातल्या माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

तळेगावात तुमचं मनापासून स्वागत. नागपूर-अमरावती रस्त्यानं जाताना आमचं गाव तुम्ही गाडीच्या काचेतून पाहिलं असेल. आज उतरलात, बरं वाटलं.

विषय आहे पुरुषांच्या जुनाट प्रोस्टेट तक्रारी आणि त्या मोजण्याच्या प्रश्नावल्या. आयपीएसएस, म्हणजे लघवीच्या तक्रारींना गुण देणारी प्रश्नावली, आपल्या ओळखीची. तिचे सात प्रश्न अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनचे, १९९२ चे; गुण ३५ पैकी. पण त्यात दुखण्याबद्दल अक्षर नाही. ग्रंथी वाढलेल्या म्हाताऱ्याला ती पुरते. तिशी-चाळिशीतला गडी वृषणामागे, ओटीपोटात महिनोन्‌महिने दुखतं म्हणून येतो, त्याचं काय? त्याच्यासाठी १९९९ ची एनआयएच-सीपीएसआय आहे: नऊ प्रश्न, ४३ गुण, त्यातले २१ एकट्या वेदनेचे.

आता माझं भांडण. आयपीएसएसचा सातवा प्रश्न विचारतो, रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत लघवीला किती वेळा उठता? आमच्याकडे कृषिपंपाची वीज बरेचदा रात्रीच येते, शिवाय रानडुकरांसाठी जागल. माणूस मोटर लावायला उठतो, धुऱ्यावर लघवी उरकतो आणि दवाखान्यात ‘चार वेळा’ सांगतो. झाले चार गुण! दुखणं प्रोस्टेटचं की विजेच्या वेळापत्रकाचं? ‘लघवीनंच जाग आली का’ हे वेगळं विचारायलाच हवं.

दुसरं, कागद भरतो कोण? बापाचा चष्मा घरी राहिला की कागद पोराच्या हातात जातो. वीर्यस्खलनाच्या वेळी दुखतं का, हा सीपीएसआयमधला प्रश्न कुठला पोरगा बापाला विचारेल? तिथे मुकाट ‘नाही’ लिहिलं जातं. वाचता न येणाऱ्यांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी चित्रं दाखवून गुण घेण्याची पद्धत २०११ मध्ये प्रसिद्ध केली. धारेपुरतं तिनं भागतं. वेदनेसाठी मात्र नातेवाइकांना बाहेर बसवण्यावाचून मला तरी इलाज दिसत नाही.

आकडा म्हणजे निदान नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. लघवीत रक्त, थंडी-ताप, तुंबलेली लघवी असेल तर कागद बाजूला, तपासणी आधी. आकडा कामाला येतो तो त्याच रुग्णाची त्याच्याशीच तुलना करताना. सीपीएसआय सहा गुणांनी उतरली तर फरक पडला असं साधारण धरतात.

प्रश्नांचा मराठी मसुदा तुमच्या पिशवीत आहे. तुमच्या दवाखान्यात जो प्रश्न चालणार नाही त्यावर खुशाल लाल खूण करा, दुपारच्या सत्रात त्यावरच बोलायचं आहे. जेवण एक वाजता, मागच्या मंडपात. उद्घाटकांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.