घराजवळचे दोन मैल

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर होतें, ही गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींकडून बहुतेक श्रोत्यांनीं ऐकली असेल. शहराचा गाभा त्या वेळीं लहान होता. शनिवारवाड्यापासून डेक्कन जिमखाना दीड-दोन किलोमीटर. स्वारगेटपासून शिवाजीनगर चार किलोमीटरच्या आसपास. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यांतील कामगार, सारे सायकलीवरून जात. ज्याच्यापाशीं स्वतःची सायकल नसे तो कोपऱ्यावरच्या दुकानांतून तासाच्या भाड्यानें घेई. दोघे एका सायकलीवर बसले किंवा रात्रीं दिवा नसला, तर चौकांतला पोलीस खालीं उतरवी. आणि त्या दंडाच्या गोष्टी आजहि कांहीं घरांतून मोठ्या अभिमानानें सांगितल्या जातात!

पुढें माणसें आळशी झालीं आणि सायकल गेली, असें म्हणणें सोपें आहे. पुरतें खरें मात्र तें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकाठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, आणि निराश्रित कुटुंबांसाठीं गांवाबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नंतरच्या काळांत कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी असें शहर टेकड्यांच्या अंगाला पसरत गेलें. अंतर वाढलें, वाटेंत चढ आले. १९७२ सालीं लूना आणि चेतक या दोन गाड्या बाजारांत आल्या. लूनेला तर पायडलेंहि होतीं. एंजिन बसविलेली सायकलच ती. लांब राहावयास गेलेल्या गृहस्थानें ती घेतली, यांत नवल तें काय?

नवल आहे तें दुसरेंच. लांबच्या कामासाठीं घरीं आणलेली गाडी जवळच्या कामालाहि निघूं लागली. दूध, कोथिंबीर, शिकवणी, बँक, देऊळ, यांपैकीं कोणतेंहि ठिकाण बहुधा घरापासून दोन मैलांच्या आंतच असतें. आणि नेमक्या याच फेऱ्यांत एंजिन सर्वांत अधिक घाण करतें. थंड एंजिनाला इंधन जास्त लागतें, आणि धूर शुद्ध करण्यासाठीं नळींत बसविलेलें उपकरण चांगलें तापल्यावांचून आपलें काम करीत नाहीं. तें तापतें न तापतें तोंच भाजीवाला येतो!

या धुराचा हिशेब साध्या अंकगणिताचा आहे. एक लिटर पेट्रोलचें वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास. पण तें जळलें म्हणजे त्यांतून सुमारें २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. वजन वाढतें, कारण जळतांना हवेंतील प्राणवायु त्यांत मिसळतो. शहराच्या गर्दींत लिटरमागें तेरा किलोमीटर चालणारी मोटार म्हणजे किलोमीटरमागें जवळजवळ १८० ग्रॅम वायु सोडते, आणि पंचेचाळीस किलोमीटर चालणारी स्कूटर ५० ग्रॅम. विजेच्या स्कूटरमागून धूर दिसत नाहीं; परंतु आपल्याकडील बहुतांश वीज कोळशापासूनच होत असल्यानें तिच्याहि नांवावर २० ग्रॅमच्या आसपास वायु मांडावा लागतो. डिझेलवर धांवणारी बस लिटरला तीन किलोमीटर गेली, तर ती किलोमीटरमागें ९०० ग्रॅम सोडते. तींत पंचेचाळीस माणसें असलीं तर प्रत्येकाच्या वांट्याला २० ग्रॅम येतात. पांचच असलीं तर १८०, म्हणजे एकट्यानें मोटार नेल्याइतकेच! बसचें पुण्य तें उतारूंचें पुण्य.

सायकलीची गोष्ट यांहून निराळी आहे. १९७३ सालीं ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत दाखवून दिलें कीं, तेंच अंतर पायीं जाण्यास जी शक्ति लागते, तिच्या सुमारें पंचमांश शक्तींत सायकलस्वार तें तोडतो.

मग अडतें कोठें? कोथरूडमधील एखादें चौकोनी कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. मुलगी तेरा वर्षांची आहे, शिकवणी दीड किलोमीटरवर. सायकल जिन्याखालीं धूळ खात उभी आहे, आणि आई मुलीला रोज स्कूटरवरून पोंचविते. धूर तिला कळत नाहीं असें नव्हे. तिला रस्त्याची भीति वाटते, आणि ती भीति खोटी नाहीं. सायकलीसाठीं आंखलेला मार्ग मध्येंच तुटतो, किंवा त्यावर मोटारी उभ्या असतात, आणि मुलीला ऐन वाहतुकींत उतरावें लागतें. परंतु शिकवणीच्या दारापुढें संध्याकाळीं जी तीस-चाळीस वाहनांची झुंबड उडते, ती अशाच आयांची असते. प्रत्येकजण दुसरीच्या गाडीला भिऊन आपली गाडी काढते, आणि ती गाडी तिसरीला भिवविते.

ही गांठ एका घराला पुरती सोडवितां येत नाहीं. रस्ता महानगरपालिकेलाच नीट करावा लागेल. तोंवर घरानें जें करावयाचें तें अगदीं बेताचें आहे. हमरस्त्याला समांतर जाणारी आंतली गल्ली बहुधा सांपडते. चार मिनिटें जास्त लागतात. आठवडाभर वडिलांनीं दुसऱ्या सायकलीवरून मुलीबरोबर जावें, कोठें थांबावयाचें, कोणत्या वळणावर हात दाखवावयाचा, तें तिला प्रत्यक्ष वाटेवर शिकवावें. वडिलांची कचेरी दूर असेल तर ६ मार्च २०२२ पासून वनाजहून मेट्रो सुरू झाली आहे. पण स्थानकापर्यंत मोटार नेली तर थंड एंजिनाचे तेच दोन मैल पुन्हां पदरीं पडतात. आजोबांना देवळापर्यंत पायींच जावयाचें असतें. त्यांना पदपथ मोकळा मिळाला म्हणजे झालें, आणि त्यावर आपली स्कूटर न लावणें हें तरी घरच्यांच्या हातीं आहे.

पावसाळ्यांत हा सारा बेत ढिला पडेल. जुलैच्या सरींत दप्तर भिजतें, आणि गल्लींतल्या चिखलांत चाकें घसरतात. त्या दिवसांत शेजारच्या तिघी मुलींनीं मिळून एक रिक्षा ठरवावी. सायकल तेवढी जिन्याखालीं नुसती टाकून न देतां, साखळीला तेल घालून ठेवावी.