वाटेतला अडसर : इंपिडन्सची ओळख

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला, भाषा आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. विजेवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, अम्मीने पाण्याच्या मोटारीला हात लावला आणि तिला जोराचा झटका बसला. पायाखाली लाकडी पाट होता म्हणून ती वाचली. वायरमन आला. मी म्हणालो, "अर्थिंगची तार तर जोडलेली आहे." तो मला परसात घेऊन गेला, अर्थिंगच्या खड्ड्यातली वाळून भुगा झालेली माती त्याने दाखविली आणि म्हणाला, "मास्तर, तार आहे, पण पुढची वाट बंद आहे." त्या रात्री मी विज्ञानाची पुस्तके उघडली. त्यातून जे समजले तेच आज आपणांसमोर ठेवतो.

शाळेत आपण ओहमचा नियम शिकतो. तारेत विजेला जो विरोध होतो तो रोध. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, तेव्हा एवढ्याने भागते. पण आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. म्हणजे सतत दिशा बदलते. तारेचे वेटोळे अशा बदलाला विरोध करते. मोटार, पंखा, जुन्या ट्यूबलाइटचा चोक ही सारी वेटोळीच आहेत. कपॅसिटरही विरोध करतो, पण त्याची चाल वेटोळ्याच्या उलट असते. हे सर्व विरोध मिळून जो एकूण अडसर होतो तो इंपिडन्स, म्हणजेच संरोध. तो ओहममध्येच मोजतात.

हा शब्द १८८६ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी रूढ केला. १८९३ मध्ये आर्थर केनेली यांनी संमिश्र संख्या वापरून त्याचे गणित सोपे केले. या केनेलींचा जन्म १८६१ साली आपल्या मुंबईतील कुलाब्याचा! दोघांनाही महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही. हेविसाइड तार कंपनीत काम करीत व त्यांना कमी ऐकू येई. केनेली चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून कामाला लागले. दोघे स्वतः वाचून शिकले, आणि केनेली पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले.

आता गणित पाहा. एका यंत्राचा रोध ३० ओहम आणि वेटोळ्याचा विरोध ४० ओहम आहे. एकूण किती? ७० म्हणाल तर चुकाल. या दोन विरोधांत काटकोन असतो, म्हणून पायथागोरसचा सिद्धांत लागतो आणि उत्तर ५० येते. २३० व्होल्टवर हे यंत्र ४.६ अँपिअर वीज ओढते. प्रत्यक्ष कामाला मात्र २.७६ अँपिअर पुरेसे असतात. उरलेली ये-जा तारा तापविते. यंत्राशेजारी योग्य मापाचा कपॅसिटर जोडला की तारेतला प्रवाह २.७६ वर येतो आणि तारेतली नासाडी ३६ टक्क्यांवर उतरते. मोठ्या कारखान्यांतून कपॅसिटरच्या पेट्या बसवितात त्या यासाठीच.

पुन्हा आमच्या मोटारीकडे येऊ. आतली तार सुटून लोखंडी कवचाला टेकली, तर वीज अर्थिंगच्या वाटेने धावून फ्यूज उडावयास हवा. पण कोरड्या मातीमुळे त्या वाटेचा अडसर २० ओहम झाला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर एवढीच वीज वाहील. १६ अँपिअरचा एम.सी.बी. ढिम्म राहील आणि कवच जिवंत राहील. ओल्या अंगाच्या माणसाचा अडसर सुमारे १००० ओहम धरतात. पूर्ण दाब लागला तर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातील, आणि याच्या निम्म्यानेही जीव जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. तेवढ्या गळतीनेच वीज तोडतो, म्हणून तो हवा.

कंप्रता वाढली की याच गोष्टी निराळ्या दिसतात. १० मीटर सरळ तारेतही वेटोळ्याचा थोडा गुण असतो. ५० आवर्तनांना तो नगण्य. पण सेकंदाला दहा लाख आवर्तने झाली की साठ ओहमच्या घरात जातो. आकाशातली वीज पडते तेव्हा असेच वेगवान प्रवाह वाहतात. म्हणून वीजवाहकाची तार आखूड व सरळ असावी, तिला वळसे देऊ नयेत.

टीव्हीची केबलही पाहा. तिच्यावर ७५ ओहम लिहिलेले असते. मग ती एक मीटर असो वा शंभर. तो तिचा स्वभाव आहे, साध्या मीटरवर तो दिसत नाही. जुन्या अँटेनाची चपटी तार ३०० ओहमची असे. दोन्ही सरळ जोडल्या तर शंभरातले ३६ भाग संदेश माघारी फिरतो. पूर्वी पडद्यावर एका माणसाच्या मागे दुसरी सावली दिसे, तिचे एक कारण हेच. जुळवणी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये बसविला की काम भागते.

पालकहो, आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढलेली असेल तर प्लग बदला. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. परवानाधारक वायरमनकडून आर.सी.सी.बी. बसवून घ्या आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबा.

आणि मुलामुलींनो, गणितातील काटकोन त्रिकोण परीक्षेपुरता आहे असे समजू नका. मला तो तिशी उलटल्यावर, अम्मीच्या हाताला झटका बसल्यावर कळला. तुम्हांला तो आजच, पुस्तकातून कळावा, एवढीच माझी इच्छा.